केळीच्या खोडाला सदरा

धुरपदाबाईने केळीच्या खोडाला सदरा चढवला आणि खालून वर एकेक गुंडी लावत आली. गळ्याची गुंडी मात्र काही केल्या बसेना. सकाळीच घड उतरवून तोडलेलं जाडजूड खोड होतं ते. अजून त्यातून पाणी पाझरत होतं.

"राहू दे उघडी," पितांबर म्हणाला. "त्याले काय थंडी वाजते?"

"असू द्या. जाऊ र्‍हायला तर नीट जाऊ द्या."

सदरा पितांबरचाच होता. नेव्हीतला, पांढरा, कॉलरपाशी विरलेला. वरच्या टोकावर त्याने आपली जुनी टोपी खिळा मारून बसवली. पितांबरला नाना म्हणणारी शेजारची प्रमिलाबाई पदराआड हसायला लागली.

"नानापेक्षा गुमान बसते हे," ती म्हणाली. "धुरपदा, नानाले ठिव घरी. यालेच धुय्याले धाडून दे नोकरीवर."

धुरपदाबाई हसली नाही. तिने शिडाची दोरी हातात घेतली आणि सुकाणूपाशी जाऊन बसली. पितांबरने नाव काठावरून लोटली, पाण्यात दोन पावलं धावत येऊन आत उडी घेतली. प्रमिलाबाईशेजारी आधीच बसलेल्या झुंबरअक्काने भावाला बसायला जागा दिली. खोड मधल्या फळीवर आडवं पडलं होतं, सदऱ्याच्या बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

धरण झालं तशी तापी मागे फुगली आणि वावरांतून शिरत गावापर्यंत आली. गाव वरच्या बरड्यावर सरकलं. केळीची चांगली जमीन होती ती पाण्याच्या पलीकडे राहिली. पुलावरून जायचं तर एस.टी. गाठा, मग पायी चाला. निंदायला जाणाऱ्या बाया पोचायच्या तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असायचं. उखर्डू भोयाचा डोंगा होता, पण तो माशांचा. त्यात बसलं की लुगड्याला दोन दिवस वास.

पितांबर नेव्हीतून निवृत्त होऊन आला तो हे पाणी पाहूनच खूश झाला. आयुष्यातली कितीतरी वर्षं मुंबई, कोचीन, विशाखापट्टण करत काढली आणि शेवटी समुद्रच घरच्या ओसरीपाशी येऊन बसला, असं तो पारावर सांगत असे. त्याने बाभळीची नाव बांधून घेतली. शीड मात्र कापडाचं परवडेना. मग युरियाची रिकामी पोती उसवून, धुऊन, धुरपदाबाईने दुहेरी टीप घालून एकाला एक शिवली. त्यावरची निळी अक्षरं काही सुलटी, काही उलटी तशीच राहिली. गावाने नावेचं नावच युरिया पाडलं. सकाळी बाया काठावर उभ्या राहून विचारायच्या, "काय वं, युरिया गेली का आहे?"

वर्ष-दीड वर्ष हे सुखाने चाललं. दिवाळीनंतर पितांबरचा जुना सोबती भाईदास धुळ्याहून आला. तिथल्या एका बँकेत बंदूक घेऊन दारात उभं राहायची नोकरी होती, माजी सैनिकालाच देणार होते. खाकी कपडे, पितळी बटणं, पायात बूट. राहायला खोली. रविवारी सुट्टी. भाईदास बोलत होता आणि पितांबरची पाठ आपोआप ताठ होत होती.

त्याने हे धुरपदाबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अन नाव?"

"नाव तू चालवशीन. चालवतेच तू अर्धी." पितांबरला आपल्या बोलण्यात काही खटकलं असावं, म्हणून त्याने घाईने पुढे जोडलं, "पन एक आहे. चालवनं वेगयं अन पडलेलं मानूस परत आननं वेगयं. ते जमल्याबिगर मी नाव कोनाच्या हाती देनार नही. चार बाया बसतात तिच्यात."

त्याच संध्याकाळी त्याने घोंगडीवर आगपेटी ठेवली, तिच्यापुढे भुईमुगाची एक शेंग ठेवली. आगपेटी म्हणजे नाव, शेंग म्हणजे माणूस. वारा उत्तरेचा, सातपुड्यावरून येणारा. नाव थोडी पुढे न्यायची, वाऱ्यातून तोंड फिरवायचं, माणसाच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, यायचं आणि मग तोंड वाऱ्यावर धरून शीड सैल सोडायचं. नाव आपोआप मरते, म्हणजे वेग जाऊन थांबते. मेलेली नाव माणसाच्या बाजूला लागली पाहिजे.

"नवा मानूस तीन चुका करतो," तो म्हणाला. "घाबरून लवकर वयतो. नही तं उशिरा वयतो. अन तिसरी, शीड भरलेलं ठिऊन वाऱ्यासारखा येतो, मानसाच्या डोक्यावरून नाव नेतो."

धुरपदाबाई लक्ष देऊन ऐकत होती. बोलणं संपलं तशी तिने शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

आता शनिवार होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. ट्रंक भरून ओसरीवर ठेवलेली होती.

नाव पाण्याच्या मध्यावर आली. वारा चांगला सुटला होता. पोत्यांचं शीड फुगून करकरत होतं. पितांबरने अक्काकडे तोंड केलं.

"अक्का, तुहं काम एकच. खोड पडलं की बोट त्याच्यावर, अन डोये त्याच्यावर. कोनी हाका मारो, नाव कोठी का वयो, मान वयवायची नही. पाण्यात मानसाचं डोकं नारयायेवढं दिसते. एक डाव नजर सुटली की गेलं."

"समजलं," अक्का म्हणाली. "मी काय लहान आहे?"

तिने कमरेची पिशवी सोडली. त्यातून हळदीकुंकवाची पुडी काढली, खोडाला जिथे कपाळ असतं तिथे, म्हणजे टोपीच्या खाली, दोन बोटं ओढली. प्रमिलाबाईने केसातलं झेंडूचं फूल काढून सदऱ्याच्या खिशात खोवलं. मग दोघींनी मिळून खोड उचललं आणि पाण्यात सोडलं.

"मानूस पडला!" पितांबर ओरडला.

तिघी बायांनी हात जोडले आणि मान पुढे फिरवली. अगदी एकदम, शाळेतल्या कवायतीसारखी.

"अक्का! बोट!"

अक्का समोर गावाकडे बघत होती. "भाऊ, तापीले देलं ते देलं. मांघं वयून पाह्यत नही."

"देलं नही वं, पडलं!"

"पडनाऱ्याले हळदकुंकू लावतात?"

"तूच लावलं ते!"

"मंग उघडं कसं सोडू? तापीमायच्या अंगात काही टाकायचं तं असंच टाकतात. आपली गुलाबाई काय आपन मांघून काढून आनतो का?"

खरं होतं ते. त्या काठावरच्या बायांनी जन्मभर या पाण्यात जे सोडलं ते परत न घेण्यासाठीच सोडलं होतं. कानबाईचा नारळ, गुलाबाईची मूर्ती, देवाचं निर्माल्य, आणखीही बरंच काही. सोडायचं, हात जोडायचे, फिरायचं. मागे पाहिलं तर दिलेलं पावत नाही, असं त्यांच्या आयांनी त्यांना सांगितलेलं. परत आणण्याचा रिवाजच नव्हता, तर हाताला वळण कुठून लागणार?

हा वाद चालू असताना धुरपदाबाईने सुकाणू लोटलं. नाव वळली, पण फारच आधी वळली. खोडापासून शेतभर दूर असतानाच तिचं तोंड वाऱ्यावर आलं, शीड फडफडलं आणि युरिया जागच्या जागी उभी राहिली. पितांबरला वल्हं मारत जावं लागलं. खोड वर घेताना त्याचे दोन्ही हात चिकाने काळे झाले.

"लवकर वयली तू," तो म्हणाला.

"हो का," धुरपदाबाई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पितांबरने पुडी आधीच जप्त केली. खोड पडलं तशी अक्का उठून उभी राहिली, उजवा हात लांब केला आणि बोट रोखलं. प्रमिलाबाईने मागून तिची कंबर धरली. या वेळी बोट हललं नाही. पण नावच परत यायचं नाव घेईना. धुरपदाबाई जात होती, जात होती. पांढरी टोपी ठिपक्याएवढी झाली.

"वयव आता!"

"वयवते न."

"अवं, वयव!"

"पाण्यातले नाना तवर एदलाबादच्या बाजारात पोचले असतीन," प्रमिलाबाई म्हणाली. "येताना मिरच्या आना म्हना."

नाव वळून आली तीही खोडाच्या भलत्याच बाजूने. अक्काचं बोट रोखलेलंच होतं, पण नाव फिरेल तशी ती फिरत गेली आणि लुगड्यात पाय अडकून प्रमिलाबाईसकट फळीवर बसली. बसली तरी बोट खाली घेतलं नाही. पितांबरलासुद्धा हसू आवरलं नाही. त्याने पुन्हा वल्हं उचललं.

खोड वर आलं तेव्हा त्याचा सदरा मातकट झाला होता आणि खिशातलं फूल गेलं होतं. पितांबरने टोपी पिळली. ऊन कलायला लागलं होतं. त्याच्या मनात ओसरीवरची ट्रंक होती, भाईदासने नेमून दिलेली गाडी होती, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने घातलेली अट होती. बायकोच्या हातात त्याने आंधळेपणाने सुकाणू दिलं नव्हतं. घरी येताना तो बऱ्याचदा शिडाच्या सावलीत पडून डुलकी घेई आणि जागा होई तेव्हा नाव काठाला लागलेली असे. मग आजच हे काय?

"धुरपदा, मन लाव जरा," तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्याहून कडक निघाला. "नही जमलं तं मी सोमवारी जाऊ कसा?"

धुरपदाबाईने डोक्यावरचा पदर दातात धरून घट्ट खोचला. अक्काने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे, आणि ती आपलं बोट चोळत बसली.

तिसऱ्यांदा खोड पडलं. या वेळी वळण अगदी जागच्या जागी आलं. पितांबरचा चेहरा उजळला. नाव खोडाच्या खालच्या अंगाला आली, तोंड बरोबर होतं, रेषा बरोबर होती. फक्त शीड गच्च भरलेलं होतं.

"दोरी सोड! सैल कर!"

दोरी सुटली नाही. युरिया पाणी कापत आली. खोड बाजूने निघून जाणार असं दिसताच पितांबर काठावर पोट टेकून वाकला आणि त्याने सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत पकडली. नाव थांबली नाही. खोड हललं नाही. दोघांच्या मध्ये पितांबर होता. तो खोडाच्या बाजूने गेला.

पाणी बर्फासारखं होतं. तो वर आला तेव्हा खोड त्याच्या कवेत होतं आणि टोपी त्याच्या नाकाशी तरंगत होती. स्वतःची त्याला काळजी नव्हती, समुद्रात पोहलेला माणूस तो. काळजी नावेची होती. भरल्या शिडाची नाव, सातपुड्याचा वारा, आत तीन बाया आणि सुकाणूवर जिला आज एकदाही धड नाव आणता आली नव्हती ती. आता ती घाबरणार. सगळं सोडून देऊन नवऱ्याच्या नावाने टाहो फोडणार, नाही तर झटक्याने सुकाणू ओढून नाव पालथी घालणार.

"शीड सोड!" तो ओरडला. वारं त्याचं ओरडणं दुसरीकडेच घेऊन गेलं.

नावेत अक्का उभी राहिलेली दिसली. ताठ, हात खांद्याच्या रेषेत, बोट थेट त्याच्या कपाळावर. प्रमिलाबाईने तिच्या कमरेला मिठी मारली होती. आणि त्यांच्यामागे धुरपदाबाई. तिचा पदर पडला होता.

नाव थोडी पुढे गेली. लवकर नाही, उशिरा नाही, पुरेशी गेली. मग तिचं तोंड वाऱ्यातून असं फिरलं, जशी झोपेत कूस बदलावी. पोत्यांचं शीड या अंगाचं त्या अंगाला गेलं, निळी अक्षरं उलटीची सुलटी झाली. नाव त्याच्या खालच्या बाजूला उतरली आणि वाऱ्यावर चढती झाली. पितांबर पाण्यात पाय मारायचं विसरला. आता सैल, तो मनात म्हणाला, आणि त्याच क्षणी दोरी सैल झाली. शीड फडफडलं. वेग गेला. युरिया आपली हळूहळू मरत मरत आली आणि त्याच्या कानापाशी येऊन उभी राहिली. बाभळीची फळी त्याच्या खांद्याला टेकली, एवढंच.

कोचीनला त्यांना शिकवणारा उस्ताद होता, मिशांना पीळ देणारा. त्यालासुद्धा हे दर खेपेला असं साधत नसे.

वरून धुरपदाबाईचा चेहरा वाकला. तो पांढराफटक पडला होता.

"लागलं का कोठी?"

"नही."

"द्या हात."

तिघींनी मिळून त्याला वर ओढला, त्यात अक्काने डाव्याच हाताने, कारण उजव्याचं बोट अजून त्याच्यावर होतं. तो मधल्या फळीवर, खोडाच्या जागी, आडवा पडला.

"खोड हलकं व्हतं, बाई," प्रमिलाबाई धापा टाकत म्हणाली. मग हसून, "पन काय आनली तू नाव, धुरपदा. त्या दिवशी माही पाटी उडाली व्हती, नाना झोपेल व्हते, तव्हाही तू अशीच..."

"प्रमिला," धुरपदाबाई म्हणाली, "नावेत पानी झालं. डबा घे, काढ."

प्रमिलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग पितांबरकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं, डालड्याचा डबा घेतला आणि खाली वाकून पाणी उपसायला लागली. तिची पाठ मात्र हलत होती, बराच वेळ.

पितांबर उठून बसला. कानातलं पाणी काढायला त्याने मान एकीकडे झटकली, दुसरीकडे झटकली. घोंगडीवरची आगपेटी त्याच्या डोळ्यांपुढे आली, शेंग आली. लवकर वळणं. उशिरा वळणं. शीड भरलेलं ठेवून येणं. आज तीन खेपांना तीन चुका झाल्या होत्या, आणि जशा त्याने सांगितल्या होत्या तशाच, एकीमागून एक. एवढं नीट ऐकून घेणारी बाई दुसरी कुठे सापडली नसती.

त्याने सुकाणूकडे पाहिलं. धुरपदाबाई पदर सारखा करत होती. ती त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती, शिडाकडे, सातपुड्याकडे, प्रमिलाबाईच्या डब्याकडे. लग्न झाल्यावर तो पहिल्यांदा गेला तेव्हा ती भुसावळ स्टेशनवर अशीच उभी होती. गाडी हलली तेव्हाही इंजिनाकडे बघत. रडली नाही, बोलली नाही. त्याने मित्रांना कौतुकाने सांगितलं होतं, आपली बायको खंबीर आहे म्हणून. पुढे दर सुट्टीनंतर तेच, "बरं."

"काय मंग, भाऊ?" अक्काने विचारलं. "आता तं जमलं न हिले? पास का नापास?"

डब्याचा आवाज थांबला. धुरपदाबाईने दोरीचा पीळ मनगटाला एकदा गुंडाळला, परत सोडला.

पितांबरने बाही पिळली. पाणी पायावर पडू दिलं.

"नापास," तो म्हणाला.

"काऊन?" अक्का चिडली. "असा काढला तुले, नखालेही लागलं नही!"

"दोन मानसं व्हते पाण्यात. एकच आनला."

प्रमिलाबाई खो खो हसत सुटली. अक्काला काही समजलं नाही, ती म्हणाली, "मंग सोमवारचं कसं करतो?"

"कसं करतो? भाईदासले सांगतो, दुसरा मानूस पाह्य." तो नाक शिंकरून म्हणाला. "हिचा सराव कच्चा आहे. आखीन लई दिवस लागतीन. असं कच्चं मानूस पाण्यावर सोडून जाता येते का?"

धुरपदाबाईने सुकाणू हलवलं तेव्हा तिने जरा जास्तच हलवलं, नाव डुलली. मग तिने ती सावरली.

"बरं," ती म्हणाली.

पितांबरने हा शब्द तिच्या तोंडून फार वेळा ऐकला होता. पण या खेपेला त्याच्या शेवटी काहीतरी सैल सुटलं, आणि तिने घाईने तोंड फिरवून पदराने घाम पुसला. घाम येण्यासारखं ऊन नव्हतं.

शीड भरलं. नाव गावाच्या अंगाला लागली. थोडं अंतर गेल्यावर धुरपदाबाईने विचारलं, "मांघून ते खोड आनायचं का? तुमचा सदरा आहे न त्याले. नेव्हीतला."

"राहू दे."

"चांगला व्हता."

"तापीले देलं ते देलं," पितांबर म्हणाला. तो उठून, ओल्या पावलांनी फळ्या ओलांडत, सुकाणूपाशी गेला. धुरपदाबाईने सुकाणूचा दांडा त्याच्यापुढे केला. त्याने तो घेतला नाही. नुसता तिच्या शेजारी टेकला, आणि ती जागा द्यायला थोडी सरकली.

समोर अक्का अजून उभीच होती. हात लांब, बोट त्याच्यावर रोखलेलं. नाव वळली तशी ती वळली होती, तो उठला तसं बोट उठलं होतं, आणि आता ते दोघांच्या मध्ये कुठेतरी टेकलं होतं.

"अक्का, घे आता बोट खाली."

"तूच म्हनला न, नजर सोडायची नही?"

"आता काठाले लागू र्‍हायलो आपन."

"मंग लागल्यावर घेईन," अक्का म्हणाली.

प्रमिलाबाईने डबा बाजूला ठेवला आणि मागे पाहायला मान वळवली होती, ती अर्ध्यावरच थांबवली. पितांबरने ओले हात जोडले, कपाळाला लावले, आणि तोंड गावाकडे फिरवून बसला.